बुजरें मांजर कसें धरावें?

चुलीच्या उबेला अंग चोरून बसलेलें आणि दुधाच्या पातेल्याभोंवतीं घोटाळणारें मांजर ज्यानें पाहिलें नाहीं, असा विद्यार्थी आपल्या शाळेंत मिळणें कठीण. परंतु याच प्राण्याचे कांहीं भाऊबंद आपल्या परसांत, मासळीबाजारांत, बंदराच्या धक्क्यावर आणि वसतिगृहाच्या भोजनगृहामागें वावरत असतात, व त्यांच्याकडे आपलें लक्ष फारसें जात नाहीं. रंगरूपानें तीं मांजरें घरच्या मनीसारखींच. मात्र माणसाची चाहूल लागतांच कुंपणापलीकडे दिसेनाशीं होतात. अशा मांजरास हातानें धरूं जाणें म्हणजे स्वतःस ओरबाडून घेणें होय, आणि काठीनें हांकलणें म्हणजे त्यास आपल्या आवारांतून शेजाऱ्याच्या आवारांत धाडणें होय. त्यास इजा न होतां तें कसें धरावें, व धरल्यावर त्याचें काय करावें, हें प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें मांजर माणसाला इतकें भितें कां, तें पाहूं. मांजर व मनुष्य यांची संगत फार जुनी आहे. सायप्रस बेटांत सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींच्या एका माणसाच्या थडग्याशेजारीं मांजराचा सांगाडा पुरलेला सांपडला आहे. परंतु ही संगत प्रत्येक मांजरास जन्मतःच मिळत नाहीं. ती त्यास लहानपणीं शिकावी लागते. पिलूं सुमारें २ आठवड्यांचें झाल्यापासून ७ आठवड्यांचें होईपर्यंत त्याच्या मनावर जे संस्कार होतात, ते जन्मभर टिकतात. या अवधींत मायेचा हात त्याच्या पाठीवरून फिरला, तर मनुष्य हा आपल्यापैकींच एक, असें तें मानूं लागतें. ज्या पिलाचे हे दिवस लांकडाच्या ढिगाखालीं किंवा पडक्या भिंतीच्या कपारींत गेले, त्यास मनुष्य म्हणजे एक प्रचंड व धोकेबाज जनावर वाटतें. तेव्हां त्याचें पळणें हा कृतघ्नपणा नव्हे व दुष्टपणाही नव्हे. ज्या भीतीनें तें आजवर जिवंत राहिलें, तीच तें पाळीत असतें.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. बाहेर फिरणारें प्रत्येक मांजर असें रानटी नसतें. कांहीं मांजरें घर चुकलेलीं किंवा निर्दय मालकानें सोडून दिलेलीं असतात. अशीं मांजरें आरंभीं बिचकतात; पण चार दिवस नेमानें खाणें घातल्यास दिवसाउजेडीं येऊं लागतात, शेपटी उभारतात, माणसाकडे पाहून ओरडतात. त्यांना पुन्हां घर मिळवून देणें शक्य असतें. उघड्यावर जन्मलेलें मांजर बहुधा अंधार पडल्यावर येतें, जमिनीशीं अंग दाबून चालतें, आणि माणसाकडे पाहून सहसा शब्दही काढीत नाहीं. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या मांजरासंबंधीं आहे.

कोणी म्हणेल, ‘असेना बापडें, तें उंदीर मारतें, त्यास धरण्याचें कारण काय?’ कारण हें कीं, एका मांजरीचीं दहा मांजरें होण्यास वेळ लागत नाहीं. मांजरी ५-६ महिन्यांची होते न होते तोंच गाभण राहूं शकते. गर्भकाळ अवघा ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेतांत बहुधा ३ ते ५ पिलें होतात. आणि तीं अंगावर पीत असतांनाच ती पुन्हां गाभण राहूं शकते. या वाढीस आळा न घातल्यास काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण हिंदी महासागराच्या दक्षिणेस असलेल्या मॅरियन बेटाचें आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यांतील या बेटावर १९४९ सालीं, उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून, ५ मांजरें नेण्यांत आलीं. १९७७ सालीं त्यांची संख्या सुमारें ३,४०० वर गेली होती, आणि बिळांत घरटीं करणाऱ्या समुद्रपक्ष्यांचा तीं भयंकर संहार करीत होतीं. पुढें रोग, बंदुका, सापळे व विष हे सर्व उपाय योजावे लागले, तेव्हां कोठें १९९१ सालीं बेट मांजरांपासून मुक्त झालें. पांच मांजरांची वेळींच व्यवस्था झाली असती, तर हजारों मांजरांवर व लाखों पक्ष्यांवर ही वेळ आली नसती.

आपल्याकडे आवारांत मांजरें वाढलीं कीं लोक दोन मार्ग धरतात. विष घालणारे थोडे. कारण मांजर मारल्यास सोन्याचें मांजर दान करावें लागतें, ही जुनी समजूत अद्याप पुष्कळांच्या मनांत आहे. शिवाय १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें मुक्या प्राण्यास विषारी पदार्थ घालणें हा गुन्हा ठरविला आहे. बहुतेक लोक मांजर गोणपाटांत कोंबून नदीपलीकडे किंवा गांवाच्या वेशीबाहेर नेऊन सोडतात, व पाप न करतां सुटलों असें मानतात. वस्तुतः यांत दयेचा अंश थोडाच आहे. त्या मांजरास परक्या मुलखांत ना अन्नाची जागा ठाऊक, ना लपण्याची. तेथील मांजरें त्यास टिकूं देत नाहींत. आणि ती मांजरी व्यालेली असली, तर माळ्यावर राहिलेलीं तिचीं पिलें दोन-तीन दिवस ओरडून ओरडून शांत होतात. इतकें करून आवार तरी मोकळें राहतें काय? उष्टें-खरकटें व उंदीर तेथेंच असल्यामुळें लवकरच दुसरें मांजर तेथें येतें.

याहून बरा मार्ग आतां जगांत ठिकठिकाणीं रूढ झाला आहे. मांजर पिंजऱ्यांत धरावें, पशुवैद्याकडून त्याचें निर्बीजीकरण करून घ्यावें, पिसाळरोगाची प्रतिबंधक लस टोंचून घ्यावी, आणि पुन्हां जेथल्या तेथें आणून सोडावें, असा तो मार्ग आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत मेरिमॅक नदीच्या मुखाशीं न्यूबरीपोर्ट नांवाचें एक लहानसें बंदर आहे. १९९२ सालीं तेथील धक्क्यावर सुमारें ३०० बिनमालकाचीं मांजरें होतीं. कांहीं स्वयंसेवकांनीं संस्था काढून तीं मांजरें धरण्यास आरंभ केला. जीं माणसाळण्यासारखीं होतीं त्यांना घरें मिळवून दिलीं. उरलेलीं निर्बीज करून धक्क्यावर परत सोडलीं व त्यांच्या अन्नाची नियमित सोय केली. नवीं पिलें होईनाशीं झालीं, जुनीं मांजरें आपापल्या वयानें एकेक करून गेलीं, आणि झोरो नांवाचें शेवटचें मांजर २००९ सालीं वारलें. सतरा वर्षें लागलीं खरीं, पण विष किंवा बंदूक लागली नाहीं.

या कामांत धीट मांजरें पहिल्या आठवड्यांतच पिंजऱ्यांत येतात. खरी कसोटी पाहतें तें शेवटचें बुजरें मांजर, आणि तें बहुधा वयस्क मांजरी असतें. नऊ मांजरें निर्बीज झालीं व अशी एक मांजरी राहून गेली, तर वर्षभरांत आवार पुन्हां पिलांनीं भरतें. म्हणून ‘नऊ धरलीं, एक राहिलें, चालेल’ हा हिशेब येथें उपयोगीं पडत नाहीं. त्या एकासाठींच पुढील सर्व खटाटोप आहे.

पिंजरा आणण्यापूर्वीं चार गोष्टींची तजवीज करावी. पहिली, पशुवैद्याशीं बोलून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा. कारण मांजर धरलें आणि वैद्य नाहीं, असें झाल्यास त्यास कोंडून ठेवावें लागतें किंवा सोडावें लागतें, आणि एकदां सुटलेलें मांजर दुसऱ्यांदा पिंजऱ्याकडे फिरकत नाहीं. मोठ्या शहरांत प्राणिदया मंडळ्या व पशुरुग्णालयें या कामीं साहाय्य करतात. मुंबईस परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय प्रसिद्धच आहे. दुसरी, मांजराच्या कानांकडे लांबून नीट पाहावें. निर्बीज केलेल्या मांजराच्या एका कानाचें टोक, तें बेशुद्ध असतांनाच, सरळ कापून टाकण्याची चाल आहे. तशी खूण दिसल्यास त्यास पुन्हां धरण्याचें कारण नाहीं. तिसरी, मांजरी व्यालेली आहे काय, हें पाहावें. तिचीं आंचळें ओथंबलेलीं व भोंवतालचे केस झडलेले दिसले, तर पिलें जवळच कोठें तरी आहेत असें समजावें व तीं सांपडेपर्यंत तिला धरूं नये. लहान पिलांस दर दोन-तीन तासांनीं दूध लागतें. चौथी, शेजाऱ्यापाजाऱ्यांस कळवावें, म्हणजे ते त्याच दिवशीं मांजरास खाऊं घालणार नाहींत, आणि तें कोणाचें पाळलेलें असल्यास तेंही समजेल.

आतां पिंजरा. उंदीर धरण्याचा पिंजरा सर्वांच्या परिचयाचा आहे. मांजराचा पिंजरा त्याच तत्त्वावर, परंतु मोठा असतो. त्याची लांबी ३० ते ३६ इंच, रुंदी १० ते १२ इंच व उंची निदान १२ इंच असावी. यांत खाणें आंकड्यास टांगलेलें नसतें. आंतल्या टोंकाशीं तें ठेवलेलें असतें, आणि त्याच्या अलीकडे जमिनीलगत एक पट्टी असते. तीवर पाय पडतांच कळ सुटून दार खालीं येतें. पिंजरा आंखूड असल्यास दार मांजराच्या पाठीवर किंवा शेपटीवर पडतें. यास्तव बुजऱ्या मांजरासाठीं जितका लांब पिंजरा मिळेल तितका बरा. दाराच्या खालच्या कडेस जुन्या कापडाची पट्टी शिवून टाकावी, म्हणजे तें खणकन् वाजणार नाहीं. माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा नाद ऐकूं येत नाहीं. मांजराच्या कानास ६०,००० च्या वरचाही येतो. आपल्याला जी तार वाजली असें वाटतही नाहीं, ती त्यास सावध करण्यास पुरते.

पिंजरा आणला त्याच रात्रीं लावणें ही मोठी चूक होय. दुधानें तोंड पोळलें कीं ताकही फुंकून पितात, ही म्हण मांजराच्या बाबतींत अक्षरशः खरी आहे. पिंजरा एकदां अवेळीं वाजला, किंवा सोबतचें मांजर त्यांत तडफडतांना त्यानें पाहिलें, कीं पुढें महिनोन् महिने तें त्या वस्तूच्या वाऱ्यासही उभें राहत नाहीं. म्हणून आरंभींच्या दिवसांत पिंजऱ्याचें काम मांजर धरणें हें नसून मांजरास निर्धास्त करणें हें असतें.

यासाठीं आधीं खाण्याची वेळ व जागा ठरवावी. रोज सायंकाळीं त्याच घटकेस, त्याच कोपऱ्यांत खाणें ठेवावें, अर्ध्या तासानें उरलेलें उचलावें, आणि आवारांतील खरकट्याचे डबे झांकून ठेवावे. पांच-सहा दिवसांत मांजर त्या वेळेस येऊन वाट पाहूं लागतें. मग पिंजरा त्या जागेपासून दहा-बारा फुटांवर आणून ठेवावा. त्याचें दार सुतळीनें पक्कें वर बांधून टाकावें, म्हणजे वाऱ्यानें किंवा धक्क्यानें तें पडण्याची भीति राहत नाहीं. पिंजरा भिंतीच्या कडेनें, मांजराच्या नेहमींच्या वाटेवर व सपाट जमिनीवर असावा. पाय पडतांच जो डुगडुगतो त्यांत बुजरें मांजर दुसरें पाऊल टाकीत नाहीं. तळाशीं जुनें वर्तमानपत्र किंवा थोडा पालापाचोळा पसरावा. पंजांस उघड्या तारांचा स्पर्श त्यास आवडत नाहीं. वरून एखादें जाड, न फडफडणारें फडकें टाकावें. पण दोन्हीं टोंकें मोकळीं ठेवावीं, म्हणजे मांजरास पलीकडचें दिसतें व आपण भुयारांत शिरत आहों असें वाटत नाहीं.

त्यानंतर खाण्याची जागा रोज हात-दीड हात पिंजऱ्याकडे सरकवावी. प्रथम दाराबाहेर, मग उंबरठ्यावर, मग आंत वीतभर, मग मध्यावर, आणि शेवटीं पट्टीच्या पलीकडे. मांजर जेथें अडेल तेथें दोन दिवस थांबावें. एखादे दिवशीं मागेंही सरकावें. पट्टीवर पाय पडण्याची संवय व्हावी म्हणून तीही कागदानें झांकून ठेवावी. कधीं आठ दिवसांत काम होतें, कधीं तीन आठवडे लागतात. आमच्या पाहण्यांत एक मांजरी अशी आली कीं, ती मागचे पाय दाराबाहेर रोवून, अंग लांबवून, पट्टीच्या अलीकडचा तुकडा तेवढा ओढून नेई. तिच्यासाठीं आणखी नऊ दिवस द्यावे लागले. या काळांत अधीर होऊन कोणी तिच्याकडे धांवला असता, तर मागले सर्व दिवस फुकट गेले असते.

धरण्याचा दिवस ठरला म्हणजे आदल्या सायंकाळीं खाणें घालूं नये. भुकेनें मांजराची पावलें आंत वळतात, आणि शस्त्रक्रियेसाठींही पोट रिकामें असणें इष्ट असतें. मात्र पाणी कधींही तोडूं नये, व एका दिवसाहून अधिक उपास घडवूं नये. आमिष उग्र वासाचें व तेलकट असावें: तारली, बांगडा, सुकट, किंवा भाजलेल्या कोंबडीचा बिनहाडाचा तुकडा. तें फार नको. दाराशीं दोन कण, मध्यावर एक, आणि पट्टीपलीकडे दोन घास पुरेत. तें द्रोणांत किंवा पत्रावळीच्या तुकड्यावर ठेवावें. काचेचें अथवा पत्र्याचें भांडें ठेवूं नये. दार पडल्यावर मांजर उसळ्या मारतें व त्यामुळें त्यास जखम होते. आमिषास मुंग्या लागल्या नाहींत ना, हेंही पाहावें; मुंग्यांनीं भरलेल्या पिंजऱ्यांत कोंडलेल्या जनावराचे हाल होतात.

सर्वांत मोठा नियम हा कीं, कळ लावलेला पिंजरा क्षणभरही विनापहारा ठेवूं नये. पहारा लांबून, आडोशाला, न बोलतां करावा. दार पडल्यावर वैशाखाच्या उन्हांत अर्धा-पाऊण तास पिंजरा तसाच राहिला, तर आंतील जीव उष्म्यानें मरूं शकतो. पावसांत भिजून गारठतो. मोकाट कुत्रीं येऊन त्यास भेडसावतात. रात्रभर पिंजरा लावून स्वतः निजावयास जाणें हा दयेचा मार्ग नव्हे, मग तो पिंजरा कितीही चांगला असो.

इतकें करूनही कांहीं मांजरें पट्टी ओलांडून, जणूं ती ठाऊकच आहे अशा रीतीनें, आमिष खाऊन निघून जातात. त्यांच्यासाठीं दोन युक्त्या आहेत. पहिली दोरीची. कळीचा उपयोग न करतां, पाण्यानें भरलेली बाटली दाराखालीं टेकू म्हणून उभी करावी, तिच्या गळ्यास लांब दोरी बांधावी व दुसरें टोंक हातांत धरून दूर बसावें. मांजर शेपटीसकट आंत जाऊन मान खालीं घालून खाऊं लागलें म्हणजे दोरी ओढावी. दुसरी युक्ति मुलांना खेळांतून माहीतच आहे. टोपली काठीच्या टेकूवर तिरपी उभी करावी, खालीं दाणे टाकावे, आणि चिमणी आली कीं दोरी ओढावी, हा तो खेळ. याच धर्तीवर सुमारें ३ फूट लांब-रुंद व दीड फूट उंच अशी जाळीची चौकट, बिनतळाची, टेकूवर उभी करतात. जें मांजर अरुंद जागेंत शिरत नाहीं, तें हिच्याखालीं निःशंकपणें येतें, कारण तिन्ही बाजूंनीं वाट मोकळी दिसते. चौकट खालीं येतांच एकानें तीवर भार देऊन ती दाबून धरावी व दुसऱ्यानें चादर टाकावी. मग चौकटीच्या सरकत्या दाराशीं साधा पिंजरा भिडवून मांजर त्यांत घ्यावें. हें काम मोठ्या माणसांचें आहे, व निदान दोघें असल्यावांचून तें हातीं घेऊं नये. पिलें आधीं सांपडलीं असल्यास त्यांस झांकलेल्या वेगळ्या पिंजऱ्यांत, लावलेल्या पिंजऱ्याच्या मागल्या टोंकाशीं ठेवावें. त्यांच्या ओरडण्यानें अतिशय बुजरी आईही आंत शिरते. पण पिलांस थंडी वाजूं न देणें व हें फार वेळ न लांबवणें, ही जबाबदारी आपली.

दार पडतांच मांजर चवताळून उठतें. त्या वेळीं धांवत जाऊन, पण आरडाओरड न करतां, सर्व पिंजरा जाड चादरीनें झांकून टाकावा. अंधार होतांच दोन-चार मिनिटांत तें बहुधा शांत बसतें. फडकें उचलून पाहण्याचा मोह मुलांस अनिवार होतो, तो आवरावा. कोंडलेलें मांजर वाघासारखें होतें असें आपण म्हणतों, त्याचा अर्थ इतकाच कीं, ज्यास पळण्यास वाट उरली नाहीं तो प्राणी दांत-नखांचा आश्रय करतो. पिंजऱ्याच्या तारांतून बोट घालूं नये, दार उघडून पाणी ठेवूं नये, गोड बोलून त्याची समजूत घालण्याच्याही भरीस पडूं नये. आपला आवाज हेंच त्यास भय आहे. पिंजरा पाण्याच्या भांड्यासारखा सरळ व सावकाश उचलून वैद्याकडे न्यावा.

शस्त्रक्रियेनंतर वैद्य सांगतील तितके दिवस मांजर शांत, सावलीच्या, कोरड्या जागेंत बंद ठेवावें. बोका लवकर बरा होतो. मांजरीच्या पोटावर टांके असल्यामुळें तिला अधिक विसांवा लागतो. पुढें सकाळच्या वेळीं, जेथें धरलें त्याच जागीं पिंजरा न्यावा, रस्त्याच्या उलट बाजूस दार करावें, तें उघडावें आणि मागें सरावें. आपल्या मुलखांत आल्याचें वासानेंच त्यास कळतें. जेथें दुर्मिळ पक्ष्यांचीं घरटीं असतात तेथें मात्र मांजर परत सोडणें योग्य नव्हे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानजीक सॅन निकोलस नांवाचें बेट आहे. तेथील पक्षी व इतर वन्य जीव वांचावेत म्हणून २००९-१० च्या सुमारास तेथील मांजरें धरून मुख्य भूमीवरील आश्रयस्थानांत नेण्यांत आलीं. आपण कोठें राहतों व तेथें आणखी कोणाचें घर आहे, हा विचार आधींच झाला पाहिजे.

पालकांसाठीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पिंजरा लावणें, उचलणें व उघडणें हीं कामें प्रौढांनीं, जाड हातमोजे घालूनच करावीं. मांजराचा दांत सुईसारखा खोल जातो, वरून जखम लहान दिसते, पण आंत पू धरतो. आणि आपल्या देशांत पिसाळरोगाचें भय आहेच. दांत किंवा नख लागल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवावी, हळद किंवा चुना भरूं नये, आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन लस घ्यावी. घरांत रागावतील या भीतीनें पुष्कळ मुलें असा ओरखडा लपवितात. तो सांगणाऱ्या मुलावर कोणीं रागावूं नये, अशी आमची पालकांस कळकळीची विनंति आहे; पिसाळरोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर त्यावर उपाय बहुधा उरत नाहीं.

मग मुलांनीं काय करावें? त्यांच्या वांट्यास आलेलें काम हलकें नाहीं. रोज ठरल्या वेळीं खाणें ठेवणें, मांजर कोणत्या वाटेनें येतें, किती वाजतां येतें, किती पावलें आंत जातें, बरोबर कोण असतें, हें वहींत टिपणें, आणि लहान भावंडांस दूर ठेवणें, हें सर्व विद्यार्थीच उत्तम करूं शकतात. मोठीं माणसें दोन दिवसांत कंटाळतात. ज्या वहींत तीन आठवड्यांच्या नोंदी आहेत, तिच्यावरून पिंजरा कोठें व केव्हां लावावा हें ठरवितां येतें, आणि पुष्कळदां सर्व यश त्या वहीचें असतें.

विद्यार्थिमित्रांनो, या कामांत आभार मानणारा कोणी भेटेल अशी अपेक्षा मात्र ठेवूं नका. दार उघडतांच तें मांजर मागें वळूनही न पाहतां कुंपणाखालून निघून जाईल, आणि पुढेंही तुमची चाहूल लागली कीं पळेल. परंतु पुढल्या पावसाळ्यांत लांकडांच्या ढिगाखालीं भिजलेलीं, उपाशीं पिलें ओरडणार नाहींत. परसांतून कोणी गोणपाट खांद्यावर टाकून नदीकडे जाणार नाहीं. आणि सायंकाळीं ठरल्या वेळीं, कानाचें टोक नसलेलें एक मांजर दूर भिंतीवर बसून, तुम्हीं ठेवलेल्या द्रोणाजवळून तुम्ही केव्हां हलतां याची वाट पाहत असेल.